‘उजवीकडे प्रतिसाद नाही’ म्हणजे नस मेली असं नव्हे

वाचकाचं पत्र

माझं वय ५४, राहणार सातारा. दीड महिन्यापूर्वी पहाटे उजव्या कुशीवर वळले आणि सगळी खोली गरगर फिरली. अर्ध्या मिनिटात थांबलं. तेव्हापासून उजव्या कुशीवर वळलं किंवा वरच्या फळीवरचा डबा काढायला मान वर केली, की तसंच होतं. उजव्या कानाच्या पडद्याचं ऑपरेशन पूर्वी झालंय, त्या कानाने जरा कमी ऐकू येतं. मानेत स्पॉन्डिलोसिस आहे. तपासणीत ‘व्हेम्प’ नावाची चाचणी केली. कानात ठकठक आवाज आणि मान उचलून धरायची. डावीकडची झाली, उजवीकडच्या वेळी मान दुखून थरथरायला लागली.

रिपोर्टमध्ये लिहिलंय : उजवा – प्रतिसाद नाही. डावा – पी१३ १४.२ मिलिसेकंद, एन२३ २२.८ मिलिसेकंद, उंची ११२ मायक्रोव्होल्ट. दोन बाजूंतला फरक १०० टक्के. खाली बारीक अक्षरात स्नायूची पातळी : उजवी ३४, डावी १२६. ऐकण्याच्या आलेखात ५०० हर्ट्झला उजवा कान हवेतून ४० डेसिबल, हाडातून १५. डावा दोन्हीकडून १५. ओळखीतले एकजण म्हणाले, ‘तोलाची नस मेली, आता व्यायामाचाही उपयोग नाही.’ हे खरं आहे का? चाचणी पुन्हा करावी का? एमआरआय लागेल का?

उत्तर

ताई, नस मेली असं हा रिपोर्ट म्हणत नाही, आणि म्हणूही शकत नाही. तुम्ही आकडे जसेच्या तसे उतरवून पाठवलेत हे फार बरं केलंत, कारण खुलासा त्यांतच आहे. उजव्या कानात हवेतून आणि हाडातून ऐकण्यात २५ डेसिबलचं अंतर आहे. एवढ्या एका गोष्टीवर उजवीकडचा प्रतिसादाचा तरंग गायब होऊ शकतो. त्यात मानेच्या स्नायूची पातळी, म्हणजे मान किती ताठ धरली होती त्याचा आकडा, फक्त ३४. म्हणजे दिसायचा असता तरी तो जेमतेम दिसला असता. ही दोन्ही कारणं तुमच्या तोलाच्या इंद्रियाबाहेरची आहेत. उजव्या बाजूची चाचणी अजून व्हायचीच आहे असं समजा.

आता हे असं का, ते सांगतो. हे कळलं की पुढच्या वेळी कोणाला काय विचारायचं तेही कळेल.

आतल्या कानात तोलाची पाच इंद्रियं असतात. तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं वळल्याची खबर देतात. युट्रिकल आणि सॅक्यूल या दोन पिशव्या डोकं कलल्याची आणि सरळ रेषेतल्या हालचालीची खबर देतात. लिफ्ट खाली जायला लागली की डोळे मिटलेले असूनही कळतं, त्यात सॅक्यूलचा मोठा वाटा. ही पिशवी मधल्या कानातल्या शेवटच्या हाडाच्या, म्हणजे रिकिबीच्या, तळाला अगदी लागून आहे. त्यामुळे पुरेसा जोराचा आवाज आला की ऐकण्याच्या शंखाबरोबर सॅक्यूललाही धक्का बसतो. अनेक माशांमध्ये सॅक्यूल हेच ऐकण्याचं इंद्रिय आहे. आपल्यात ते काम शंखाकडे गेलं, पण आवाजाने चाळवण्याचा गुण सॅक्यूलमध्ये उरला. चाचणी त्याचाच फायदा घेते.

धक्क्याची खबर तोलाच्या नसेच्या खालच्या फांदीतून मेंदूच्या देठात जाते, तिथून मज्जारज्जूतून खाली उतरते आणि त्याच बाजूच्या मानेच्या स्नायूला पोचते. त्या स्नायूचं नाव लांबलचक आहे, स्टर्नोक्लायडोमॅस्टॉइड. आरशासमोर उभं राहून चेहरा डावीकडे वळवा. उजव्या कानामागच्या हाडापासून गळ्याच्या खळगीपर्यंत जी तिरकी पट्टी ताठ उठून दिसते, तो उजवा स्नायू. चेहरा डावीकडे आणि ताठ होतो उजवा. उजव्या कानात आवाज देताना तोंड डावीकडे हवं. हे इतकं साधं आहे, पण घाईच्या ओपीडीत उलट होतं, आणि मग चांगल्या कानाचाही तरंग सापडत नाही.

आवाज दिल्यापासून खबर मानेपर्यंत पोचायला सेकंदाचा शंभरावा हिस्सा आणि वर थोडंसं लागतं. पी१३ म्हणजे साधारण १३ मिलिसेकंदांना येणारं एक टोक, एन२३ म्हणजे साधारण २३ ला येणारं उलट टोक. दोन टोकांमधलं अंतर म्हणजे तरंगाची उंची. तुमच्या डावीकडे १४.२ आणि २२.८ आलेत. ते छान आहेत, त्या बाजूची वाट अखंड आहे.

आता कळीचा भाग. आवाजाने मान आखडते असं बऱ्याच जणांना वाटतं. होतं उलटं. या वाटेने आलेली खबर त्याच बाजूच्या स्नायूला क्षणभर थांबवते. आधीपासून चालू असलेल्या आखडण्यात काही मिलिसेकंदांचा खंड पडतो, आणि शंभर-दोनशे आवाजांची सरासरी काढली की तो खंड तरंगासारखा दिसतो. नळच बंद असेल तर धार मध्येच तुटली हे कळणार कसं? मान सैल असेल तर आतला कान ठणठणीत असूनही कागदावर सरळ रेघ येते. मान जितकी ताठ, तितका तरंग मोठा. हा संबंध बराचसा सरळ चढत जातो.

तुमच्या डाव्या बाजूला १२६ ची पातळी असताना उंची ११२ आली. भागाकार केला तर सुमारे ०.९. उजवा कान अगदी डाव्यासारखाच असता, तर ३४ च्या पातळीवर उंची मिळाली असती सुमारे ३० मायक्रोव्होल्ट. एवढा तरंग स्नायूच्या गोंगाटात सहज बुडतो. पातळी निदान ५० च्या वर हवी, दोन्हीकडे जवळपास सारखी हवी, आणि नुसत्या उंच्यांची तुलना न करता उंचीला पातळीने भागून तुलना व्हायला हवी. समजा, कोणाची डावी उंची १४० आणि उजवी ६० आली. फरक काढायची रीत अशी : वजाबाकीला बेरजेने भागायचं. ८० भागिले २००, म्हणजे ४० टक्के. बऱ्याच प्रयोगशाळांमध्ये ३५ ते ४० च्या आसपास रेषा आखलेली असते, त्यामुळे हा रिपोर्ट ‘दोष’ म्हणून बाहेर पडेल. पण स्नायूची पातळी डावीकडे १५० आणि उजवीकडे ७० होती हे पाहिलं, की भागाकार ०.९३ आणि ०.८६ येतात आणि फरक ४ टक्क्यांवर उतरतो. कान तोच, माणूस तोच. म्हणून ज्या रिपोर्टवर स्नायूची पातळी छापलेलीच नाही, त्यातल्या टक्केवारीला आम्ही फारसं महत्त्व देत नाही. तुमच्या रिपोर्टवर ती निदान बारीक अक्षरात तरी आहे.

दुसरं कारण मधल्या कानाचं, आणि तुमच्या बाबतीत तेच जास्त वजनदार. चाचणीत सहसा ५०० हर्ट्झचे छोटे छोटे टोन देतात, ९५ डेसिबलच्या आसपास. ही पातळी ऐकण्याच्या उंबरठ्यापासून मोजलेली असते. निरोगी माणसात तरंग दिसायला साधारण ८० ते ९५ डेसिबल लागतात. म्हणजे वर शिल्लक फारशी नसतेच. तुमच्या उजव्या कानात पडदा आणि हाडांच्या साखळीत २५ डेसिबल अडतात. ९५ पाठवले तर सॅक्यूलच्या दारात पोचले ७०. एवढ्या आवाजाला सॅक्यूल हलत नाही. दहा-पंधरा डेसिबलचा अडथळासुद्धा या चाचणीला नडतो, मग तो पडद्यामागच्या पाण्याचा असो, घट्ट मळाचा असो किंवा जुन्या ऑपरेशनचा. त्यामुळे व्हेम्पच्या आधी कानात डोकावणं, ऐकण्याचा आलेख आणि टिम्पॅनोमेट्री (हवेचा दाब बदलून पडदा किती हलतो ते पाहणं) हा क्रम चुकवायचा नसतो. तुमचा आलेख काढलेला होता. तो व्हेम्पच्या शेजारी ठेवून कोणी वाचला नाही, एवढंच.

याच्या उलटही एक गंमत आहे, ती तुम्हाला लागू नाही पण कळून असू द्या. हवेतून आणि हाडातून ऐकण्यात अंतर आहे आणि तरीही व्हेम्पचा तरंग ठसठशीत येतोय, तोही ७० डेसिबल किंवा त्याहून हळू आवाजाला, तर मधल्या कानाकडे बोट दाखवू नये. आतल्या कानाच्या वरच्या नळीवरचं हाड विरून तिथे भोक पडल्याची ती खूण असते. हा विकार लॉइड मायनर आणि सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये मांडला. अशा लोकांना मोठ्या आवाजाने चक्कर येते, स्वतःच्या डोळ्यांची हालचालही कधी कानात ऐकू येते. व्हेम्प सर्वांत जास्त उपयोगी पडते ती इथे. अमेरिकन अकॅडमी ऑफ न्यूरॉलॉजीने २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांतही याच विकारासाठी तिचा उपयोग मान्य केला. बाकी बऱ्याच विकारांबाबत पुरावा अपुरा म्हटला.

‘त्या कानाने कमी ऐकू येतं म्हणून प्रतिसाद नाही’ असंही तुम्हाला कोणी सांगेल. ते अर्धवट खरं आहे. आवाज अडला तर तरंग जातो, पण ऐकण्याची नस कमजोर म्हणून तो जात नाही. १९६४ मध्ये बिकफर्ड आणि सहकाऱ्यांनी डोक्यामागच्या उंचवट्यापाशी आवाजाला येणारा असा प्रतिसाद नोंदवला आणि तो मेंदूतून येत नसून मानेच्या स्नायूंतून येतो हे दाखवलं. १९९२ मध्ये सिडनीत कोलबॅच आणि हाल्माग्यी यांनी मानेच्या पुढच्या स्नायूवर तो नेमका पकडला, आणि तोलाची नस कापलेल्या रुग्णांत तो त्या बाजूला नाहीसा होतो हे दाखवलं. पुढे १९९४ मध्ये दिसलं, की नसेच्या दोषाने ठार बहिरे असलेल्यांतही तो येऊ शकतो. सॅक्यूल शाबूत असलं की पुरे.

तर चाचणी पुन्हा करायची का? करायचीच असेल तर उजव्या बाजूला हाडातून करा. कानात टोन देण्याऐवजी कानामागच्या हाडावर ५०० हर्ट्झचा व्हायब्रेटर दाबून धरतात, किंवा कपाळाच्या मध्यावर केसांच्या रेषेपाशी यंत्राला जोडलेल्या रिफ्लेक्स हातोडीने हलके ठोके देतात. कंप कवटीतून थेट आतल्या कानात जातो, पडदा आणि हाडांची साखळी वाटेत येतच नाही. कपाळावरच्या ठोक्याने दोन्ही कान एकदम हलतात, म्हणून मानेच्या दोन्ही बाजू एकाच वेळी नोंदवतात. ऐकण्याची तपासणी करायचा जो साधा व्हायब्रेटर असतो त्याची ताकद मर्यादित असते. त्याने तरंग आला तर मोलाचा, न आला तर हातोडीने पाहिल्याशिवाय निकाल देऊ नये. सगळीकडे ही सोय नसते, म्हणून वेळ घेतानाच विचारा : ‘बोन कंडक्शनने व्हेम्प होते का?’ आणि ऐकण्याचा आलेख सोबत न्या.

मानेचं काय करायचं? पाठीवर झोपून डोकं उशीवरून उचलायची पद्धत सर्वांत जोरदार तरंग देते, पण स्पॉन्डिलोसिस असलेल्याला ती अर्धा मिनिटसुद्धा झेपत नाही. तुमची मान थरथरली ते याचमुळे. तुमच्यासाठी बसून करायची पद्धत बरी. ताठ बसायचं, चेहरा डाव्या खांद्याकडे वळवायचा आणि जबडा हाताच्या तळव्यावर दाबायचा. तळवा आणि जबडा यांच्यामध्ये रक्तदाबाच्या यंत्राची पट्टी थोडी फुगवून धरली तर आणखी चांगलं. डायलवरचा काटा ४० मिलिमीटरवर राहील इतकाच दाब द्यायचा, दोन्ही बाजूंना सारखा. ही युक्ती स्वस्त आहे आणि कुठल्याही दवाखान्यात जमते. स्क्रीनवर स्नायूची पातळी दिसत असेल तर स्क्रीन तुमच्याकडे वळवायला सांगा. आकडा पाहत दाबलं की पातळी टिकते.

एका फेरीत १०० ते २०० आवाज असतात, सेकंदाला ५ या वेगाने. दोनशेला चाळीस सेकंद लागतात. फेरी संपली की मिनिट-दोन मिनिटं मान सैल सोडायची, मग दुसरी फेरी. दोन फेऱ्यांचे तरंग एकावर एक ठेवले की जुळले पाहिजेत. न जुळलेला तरंग मोजायचा नाही. पहिली बाजू ताज्या मानेने आणि दुसरी थकलेल्या मानेने झाली की काय होतं ते तुमच्या रिपोर्टवर दिसतंच आहे, म्हणून एक फेरी डावीकडे, एक उजवीकडे अशी आलटून पालटून मागा. शेवटी एक फेरी मान पूर्ण सैल ठेवून करावी. तेव्हा तरंग नाहीसा व्हायला हवा. मान सैल असूनही काहीतरी टोक दिसत असेल, तर ते कानामागच्या छोट्या स्नायूचं किंवा यंत्राच्या आवाजाचं आहे, सॅक्यूलचं नव्हे. ही फेरी वगळण्याकडे कल असतो. चाळीस सेकंदांचं काम आहे, वगळू नये.

इलेक्ट्रोड कुठे लावतात तेही पाहा. मुख्य इलेक्ट्रोड कानामागचं हाड आणि गळ्याची खळगी यांच्या बरोबर मध्यावर, स्नायूच्या फुगीर भागावर. दोन्हीकडे टेपने मोजून एकाच उंचीवर. एक बोट वर-खाली झालं तरी उंची बदलते. दुसरा इलेक्ट्रोड छातीच्या हाडाच्या वरच्या टोकावर, तिसरा कपाळावर. चाचणीच्या दिवशी मानेला तेल, पावडर, क्रीम, वेदनाशामक मलम काही लावू नका. त्याने त्वचेचा विद्युत रोध वाढतो, आणि तो ५ किलो-ओहमच्या खाली राहायला हवा. मंगळसूत्र, साखळी, मोठी कर्णफुलं काढून ठेवा. छातीच्या हाडाचा वरचा भाग मोकळा राहील असा गळा असलेला ब्लाउज किंवा कुर्ता घाला. मान सैल करणारी गोळी चालू असेल तर तंत्रज्ञाला सांगा. स्वतःच्या मनाने कोणतीही गोळी बंद करू नका.

आवाजाबद्दल एक सूचना. ९५ डेसिबलचे हे टोन कानाच्या उंबरठ्यापासून मोजलेले आहेत. हवेतल्या शिखरदाबात ते १२० डेसिबलच्या पुढे जातात. ठरलेल्या फेऱ्यांपुरते ते चालतात. पण तरंग आला नाही म्हणून एकाच कानात आवाज वाढवत सहा-सात फेऱ्या मारणं चूक आहे. कानात सतत शिट्टी वाजत असेल किंवा साधे आवाजही सहन होत नसतील तर आधी सांगा. आणि उजव्या पडद्याला पुन्हा भोक पडलंय का, कान वाहतोय का, हे पाहिल्याशिवाय त्यात इअरफोन खुपसू देऊ नका.

हाडातून केलेल्या चाचणीत उजवीकडे तरंग आला, तर प्रश्न मिटला. नाही आला, आणि स्नायूची पातळी दोन्हीकडे सारखी असूनही नाही आला, तर उजवं सॅक्यूल किंवा नसेची खालची फांदी कमजोर आहे असं म्हणता येईल. तेवढंच. वरच्या फांदीबद्दल आणि तिन्ही नळ्यांबद्दल ही चाचणी बोलत नाही. त्यांच्यासाठी डोळ्यांखाली नोंदवायची व्हेम्प, कॅलरिक (कानात गार-गरम पाणी किंवा हवा सोडून) किंवा हेड-इम्पल्स (डोकं झटकन वळवून) चाचणी असते. ‘नस मेली’ हे शब्द पाचांपैकी एका इंद्रियाच्या चाचणीवरून उच्चारायचे नसतात. साठीनंतर हा तरंग दोन्हीकडे लहान होत जातो, काहींत दिसेनासा होतो, आणि तरी ती माणसं धडधाकट चालतात. आणि एक बाजू खरोखर कमजोर निघाली, तरी व्यायाम निरुपयोगी हे म्हणणं साफ चूक. एका बाजूचा तोल कमी झालेल्यांसाठीच तर ते व्यायाम आहेत. मेंदू उरलेल्या बाजूवर जुळवून घ्यायला शिकतो.

आता खरं सांगायचं तर तुमच्या चक्करीसाठी ही चाचणी पहिल्यांदा करायची गरजच नव्हती. कुशीवर वळल्यावर, मान वर केल्यावर, अर्धा मिनिट गरगरणं आणि मग थांबणं, हे वर्णन कानातल्या सुटलेल्या कणांच्या विकाराचं आहे. युट्रिकलमधले कॅल्शियमचे बारीक स्फटिक सुटून मागच्या नळीत जातात आणि डोकं हललं की तिथे घरंगळतात. सॅक्यूलचा यात थेट संबंध नाही. निदान टेबलावर होतं, यंत्र लागत नाही : तुम्हाला बसवून डोकं उजवीकडे ४५ अंश वळवायचं आणि झटकन मागे झोपवून डोकं काठाखाली सुमारे २० अंश लोंबतं ठेवायचं. काही सेकंदांनी डोळे वरच्या दिशेने आणि गोल उडायला लागतात आणि मिनिटाच्या आत थांबतात. याला डिक्स-हॉलपाइक चाचणी म्हणतात. तुमची मान मागे लोंबकळवणं नको, म्हणून कुशीवरची पद्धत मागा : पलंगाच्या कडेला बसून डोकं डावीकडे ४५ अंश वळवायचं आणि तसंच उजव्या कुशीवर आडवं व्हायचं. नळीची दिशा तीच मिळते, मान मागे जात नाही.

ती चाचणी उजवीकडे लागली की उपाय त्याच बैठकीत होतो. जॉन एप्लींची कण परत बसवायची पद्धत १९९२ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे व्हेम्पच्याच वर्षी. डोकं उजवीकडे ४५ अंश ठेवून मागे झोपायचं, चक्कर थांबेपर्यंत आणि वर अर्धा मिनिट तसंच राहायचं. मग डोकं ९० अंश डावीकडे. मग अख्खं अंग डाव्या कुशीवर, नाक जमिनीकडे. मग उठून बसायचं. प्रत्येक टप्प्यावर निदान अर्धा मिनिट. घाई केली की कण अर्ध्या वाटेवर अडकतात, आणि हीच घरी करताना सर्वांत जास्त होणारी चूक. ताठ मानेसाठी सेमोंची पद्धत आहे, त्यात मान वळवून मागे टाकावी लागत नाही, अंग एका कुशीवरून दुसऱ्या कुशीवर नेतात. पहिल्या वेळी डॉक्टर किंवा फिजिओथेरपिस्टच्या हातून करून घ्या, व्हिडिओ बघून एकट्याने नको. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या आठवडेच्या आठवडे चालू असतील तर त्यांबद्दलही विचारा. कण त्यांनी जागेवर जात नाहीत.

एमआरआयचं म्हणाल तर या रिपोर्टवरून नाही. तुमच्या दोन्ही कानांचं हाडातून ऐकणं सारखं, १५ आहे; म्हणजे या वारंवारितेला तरी ऐकण्याच्या नसेकडून दोन बाजूंत फरक दिसत नाही. बाकीच्या वारंवारितांचे हाडातले आकडेही जुळतात का, ते ऑडिओलॉजिस्टला विचारून घ्या. तिथे एक कान हाडातूनही मागे असेल, किंवा पुढच्या चाचणीत तरंग आला पण दोन्ही टोकं ठळक उशिरा आली, तर स्कॅनचा विचार करायचा. उशीर ही सॅक्यूलपेक्षा नसेतल्या किंवा मेंदूच्या देठातल्या वाटेची तक्रार असते. गरगरण्याबरोबर एकाचे दोन दिसणं, बोलणं अडखळणं, तोंड किंवा हातपाय एका बाजूने लुळे पडणं, अजिबात उभं न राहता येणं, मानेत अचानक तीव्र दुखणं किंवा काही तासांत एक कान बंद होणं, यातलं काही झालं तर कोणत्याही चाचणीची वेळ घेत न बसता त्याच दिवशी मोठ्या इस्पितळात जा.

आता पुढच्या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जाताना पडद्याच्या ऑपरेशनचा जुना कागद, ऐकण्याचा आलेख आणि व्हेम्पचा मूळ तरंग असलेलं पान, नुसता निष्कर्ष नव्हे, असं तिन्ही बरोबर न्या. आधी कुशीवरची चाचणी मागा. ती लागली आणि कण बसवून चक्कर थांबली, तर हाडातून व्हेम्प करायची घाई नाही. पडद्याच्या पुढच्या तपासणीच्या वेळी सवडीने केली तरी चालेल.